एक ना धड, भाराभर चिंध्या? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर निवडला त्याची गोष्ट

#इतिहासधागा

१/
नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूर असो, लातूरचे एखादे बाजारगाव असो, की पुण्यातील एखादी भाड्याची खोली. विशी-पंचविशीतील तरुणाला छळणारा एक प्रश्न सर्वत्र सारखाच आहे. मनात चार उद्योग आहेत, हाताशी भांडवल एकाचेच आहे, आणि नेमके कोणते धरावे हे ठरत नाही. एक धरले की दुसरे खुणावते. वडीलधारी मंडळी अशा वेळी एकच म्हण ऐकवतात : एक ना धड, भाराभर चिंध्या.

हा धागा अशाच एका माणसाविषयी आहे. वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत ही म्हण त्याला अगदी चपखल बसली असती.

२/
चित्रकला, यांत्रिक रेखाटन, शिक्षकी, सायकलींची विक्री, बटणे, औषधी गोळ्यांच्या डब्या, पवनचक्क्या आणि कडबा कापण्याची यंत्रे. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांनी १९०३ पूर्वी हात घातलेल्या कामांची ही यादी. तीही पूर्ण असेलच असे नाही.

१९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर घडवला. त्यानंतरच्या आयुष्याला एक दिशा मिळाली आणि तिच्यातून महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासातील एक मोठे पर्व उभे राहिले.

प्रश्न असा, की अनेक उद्योग करून पाहिलेला हा माणूस याच एका उद्योगावर का थांबला? आणि ज्या वस्तूवर थांबला ती तर सुरुवातीला विकलीच जात नव्हती!

३/
लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरातील मुलाने शिकावे, सरकारी नोकरी धरावी किंवा वकिली करावी, हा त्या काळचा सरळ मार्ग होता. लक्ष्मणचे मन मात्र पुस्तकांत रमत नसे. त्याला दोन गोष्टींचे वेड होते : चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे.

इथूनच द्विधा सुरू होते. दोन्ही वेडे खरी होती. दोन्हींना घरातील प्रतिष्ठेच्या चौकटीत जागा नव्हती.

४/
१८८५ साली सोळा वर्षांचा लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले. हे नाव लक्षात ठेवावे. या कथेत ते वारंवार येणार आहे.

निवड झाली होती. यंत्रे मागे पडली, चित्रकला ठरली. आता फक्त शिकायचे होते.

५/
सुमारे दोन वर्षांनी एक गोष्ट उघड झाली. लक्ष्मणला काही रंगांतील भेद दिसत नव्हता. रेषा उत्तम, प्रमाणाचे भान उत्तम. परंतु चित्रकाराला जी दृष्टी लागते तीत जन्मजात उणीव होती. अंशतः रंगांधळेपणावर परिश्रमाचा इलाज नसतो.

अठरा वर्षांच्या मुलाने विचारपूर्वक घेतलेला पहिला निर्णय असा मोडला. त्यात आळस नव्हता, चंचलपणाही नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र फक्त ‘शिक्षण अर्धवट सोडले’ एवढेच दिसले असते.

६/
पण चित्रकलेतील रंग गेले तरी रेषा उरली होती. त्याच कलाशाळेत यांत्रिक रेखाटन शिकता येत होते. त्यात रंगांचे काम नव्हते. माप, कोन आणि छेद यांचे होते. लक्ष्मणने ते आत्मसात केले.

१८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. तिथे लक्ष्मणराव यांत्रिक रेखाटनाचे शिक्षक झाले. विद्यार्थ्यांना ते कागदावरचे यंत्र शिकवत, आणि उरलेल्या वेळात संस्थेच्या कार्यशाळेतील प्रत्यक्ष यंत्रांजवळ जाऊन स्वतः शिकत. वाफेचे इंजिन कसे चालते, लेथवर धातू कसा कातला जातो, साचा कसा तयार होतो, हे त्यांनी कुठल्याही पदवीशिवाय हाताने जाणून घेतले.

७/
१८८८ साली बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने सायकलींचे दुकान सुरू झाले. त्या काळी सायकल ही नवलाईची आणि महागडी परदेशी वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करत. बेळगावची बाजू रामूअण्णा सांभाळत.

म्हणजे मुंबईत नोकरी आणि बेळगावात व्यापार, असा एक पाय इकडे, एक पाय तिकडे. ही मांडणी काही वर्षे टिकली, कारण ती सोयीची होती. नोकरीमुळे व्यापार बुडण्याची भीती नव्हती, आणि व्यापारामुळे नोकरीतील कोंडी सुसह्य होती. अनिश्चितता पुष्कळदा अशीच टिकते : दुःखामुळे नव्हे, सोयीमुळे.

८/
ही सोय एका बढतीने संपवली. संस्थेत वरची जागा रिकामी झाली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला ती देण्यात आली. वसाहतीच्या नोकरशाहीत हे अपवादात्मक नव्हते. देशी माणसाच्या कर्तृत्वाला एका उंचीवर अदृश्य छत असे.

लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. कुटुंबाचा संसार होता, नियमित पगार आता नव्हता. सायकलींच्या दुकानाला जोडून त्यांनी एक छोटी कार्यशाळा उभी केली. त्या परिसरातील रस्ता आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

९/
यापुढची काही वर्षे प्रयोगांची. गोळ्यांच्या डब्या आणि बटणे करून पाहिली. पवनचक्क्या विकून पाहिल्या. दुरुस्तीची कामे घेतली.

वरवर पाहता ही धरसोड. परंतु प्रत्येक उद्योग नेमका कुठे अडला ते पाहिले, तर एक सूत्र दिसू लागते.

सायकल दुसऱ्याने बनवलेली होती. दुकानदार केवळ मधला. मोठा विक्रेता शेजारी आला की धंदा हलणार. बटणे आणि डब्या स्वतः बनवता येत. पण त्या क्षुल्लक वस्तू, परदेशी स्वस्त मालापुढे न टिकणाऱ्या. पवनचक्की उपयोगाची, पण ती घेणारे गिऱ्हाईक मूठभर.

१०/
या तीन अपयशांतून तीन अटी तयार झाल्या. वस्तू आपल्याला बनवता आली पाहिजे. ती टिकाऊ गरजेची असली पाहिजे. आणि ती घेणारा वर्ग विशाल असला पाहिजे.

लक्ष्मणरावांनी या अटी कुठे अशा क्रमाने लिहून ठेवल्या होत्या, असा दावा नाही. त्यांच्या पुढच्या दोन वस्तूंकडे पाहिले की मात्र त्या आपोआप वाचता येतात. हिंदुस्थानात सर्वांत विशाल वर्ग कोणता? शेतकरी. त्याच्या वापरातील यंत्र कोणते? जवळजवळ एकही नाही.

११/
याच काळात मुंबईत दुसरा एक तरुण अशाच वाटेने जात होता. अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडली आणि शस्त्रक्रियेची उपकरणे बनवण्याचा कारखाना काढला. उपकरणे उत्तम होती. पण त्यांवर ती हिंदुस्थानात बनल्याची खूण नको, असा गिऱ्हाइकाचा आग्रह पडला. अर्देशीर यांनी तो मानला नाही, आणि उद्योग बंद पडला. १८९७ साली त्यांनी कुलुपे बनवायला घेतली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

दोघांच्याही आयुष्यात पहिली कल्पना यशस्वी ठरली नाही. दोघांनीही एकाच जागी बसून ‘योग्य कल्पना’ सुचण्याची वाट पाहिली नाही.

१२/
शेतकऱ्यासाठी लक्ष्मणरावांनी बनवलेली पहिली महत्त्वाची वस्तू म्हणजे कडबा कापण्याचे हातयंत्र.

ज्वारीचा कडबा सबंध पेंढीने जनावरापुढे टाकला की पाने खाल्ली जातात, जाड ताटे पायाखाली तुडवली जातात. तोच कडबा बारीक कापून घातला तर नासाडी पुष्कळ कमी होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांतून दख्खन नुकतेच बाहेर पडत होते. माणसांइतकीच जनावरेही चाऱ्यावाचून मेली होती. निजामाच्या अमलाखालील मराठवाडाही त्या तडाख्यातून सुटला नव्हता. अशा मुलखात वैरण वाचवणारे यंत्र ही चैन नव्हती.

यंत्र हळूहळू खपू लागले. पहिल्यांदाच तिन्ही अटी एकत्र जुळल्या होत्या.

१३/
आता नांगर. त्याआधी लाकडी नांगर समजून घेतला पाहिजे.

बाभळीच्या लाकडाचा हा नांगर गावचा सुतार घडवी, त्याच्या टोकाला लोहाराने ठोकलेला लोखंडी फाळ बसे. तो जमीन फाडतो, उकरतो, ढेकळे वर आणतो. पण माती पालथी करत नाही. काळ्या कसदार रानात हराळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. माती पालथी झाल्याखेरीज ती उन्हात उघडी पडत नाहीत आणि मरत नाहीत. पैनगंगेच्या खोऱ्यातील काळ्या रानाचा शेतकरी हे कोणत्याही पुस्तकाविना जाणतो.

लोखंडी नांगराला वक्र पंख असतो. फाळाने कापलेली मातीची पट्टी त्या पंखावर चढते आणि कलंडते. सारा फरक त्या एका वळणात आहे.

१४/
इंग्लंडमध्ये बनलेले असे नांगर हिंदुस्थानात येत होते. पण ते महाग, आणि मोडले तर सुटा भाग मिळणे दुरापास्त. लक्ष्मणरावांनी परदेशी नमुन्यांचा अभ्यास करून, आपल्या कार्यशाळेत ओतकाम करून, १९०३ साली स्वतःचा लोखंडी नांगर तयार केला.

वस्तू उत्तम होती. गरज खरी होती. गिऱ्हाईक असंख्य होते. पोथीतील उद्योजकाची गोष्ट इथे संपून यशाचे वर्णन सुरू व्हायला हवे.

प्रत्यक्षात नांगर पडून राहिले.

१५/
पहिले मोजके नांगर विकले जायला सुमारे दोन वर्षे लागली. शेतकऱ्यांचा एक आक्षेप पुढे प्रसिद्ध झाला : लोखंडाने जमिनीला विष बाधते, माती नासते.

आज हे ऐकून हसू येते. हसण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. लाकडी नांगराचा फाळ लोखंडाचाच होता. पिढ्यान्‌पिढ्या लोखंड मातीत जातच होते. मग विषाची भीती आताच का वाटावी? याचा अर्थ, भीतीचे बोललेले कारण एक होते आणि खरी कारणे निराळी होती.

१६/
हा आक्षेप केवळ आपल्याकडचा नव्हता. १७९७ साली अमेरिकेतील न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड यांनी ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तिथल्या शेतकऱ्यांनीही लोखंड जमीन नासवते आणि तण वाढवते असे म्हणून तो नाकारल्याची कथा अमेरिकी शेतीच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. न्यूबोल्ड यांनी नांगरापायी बराच पैसा घातला आणि अखेर तो नाद सोडला.

१८३७ साली इलिनॉय प्रांतात जॉन डिअर नावाच्या लोहाराने करवतीच्या मोडक्या पात्यापासून पोलादी नांगर केला. तिथल्या चिकट काळ्या मातीत तो न अडता चालला. डिअर यांचे नाव आजही ट्रॅक्टरवर दिसते.

कल्पना दोघांची जवळजवळ एकच. एकाने ती सोडली. दुसऱ्याने त्याच्या शेजारच्या मातीला साजेशी केली आणि धरून ठेवली.

१७/
शेतकऱ्याची खरी कारणे कोणती असावीत, हे त्या काळच्या गावगाड्यावरून कळते. लाकडी नांगर रोखीने विकत घ्यावा लागत नसे. सुतार-लोहार बलुतेदार होते. त्यांचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने दिला जाई. नांगर मोडला तर त्याच दिवशी, त्याच गावात दुरुस्त होई.

लोखंडी नांगराला रोख रक्कम लागे. त्याचा फाळ झिजला तर गावचा लोहार हतबल, कारण ओतीव लोखंड ठोकून घडवता येत नाही. आणि ऐन मृगाच्या तोंडावर नांगर बंद पडला तर वर्ष वाया जाणार. दोन दुष्काळ सोसलेल्या माणसाने असा धोका पत्करावा कशासाठी?

‘लोखंडाचे विष’ हा या सर्व शहाण्या भीतीचा थोडक्यात केलेला उच्चार होता.

१८/
लक्ष्मणरावांच्या आयुष्यातील खरा निर्णायक काळ हा आहे. नांगर घडवला तो दिवस नव्हे. नांगर पडून राहिला ती दोन वर्षे.

आजवरचा क्रम पाहिला तर या टप्प्यावर त्यांनी नवी वस्तू शोधायला हवी होती. तसे झाले नाही. याचे श्रेय केवळ मनोनिग्रहाला देता येणार नाही. यापूर्वीचे उद्योग सुटले तेव्हा दोष मुळात होता : डोळ्यांत, भांडवलात किंवा बाजाराच्या आकारात. तो दोष परिश्रमाने दूर होणारा नव्हता. नांगराचे तसे नव्हते. नांगराचा दोष दुरुस्त होऊ शकणारा होता.

सोडण्याजोगी अडचण आणि सोडवण्याजोगी अडचण यांतील हा भेद ओळखायला त्यांना पंधरा वर्षे लागली होती.

१९/
आणि ते दुरुस्तीला लागले. सुरुवातीच्या फाळांना पुरेसा कठीणपणा नव्हता. ते लवकर झिजत. लक्ष्मणराव परदेशी तांत्रिक नियतकालिके मागवून वाचत. ओतीव लोखंड कठीण कसे करावे, याचा त्यांनी पिच्छा पुरवला. फाळ टिकू लागला, सुटे भाग मिळू लागले, तशी शेतकऱ्याची ‘मोडला तर काय’ ही भीती ओसरू लागली. एकाच्या रानात हराळी उलथून पडलेली शेजाऱ्याने पाहिली, की त्याला जाहिरातीची गरज उरत नसे.

दरम्यान पोट कशावर चालले? कडबा कापण्याच्या यंत्रावर आणि इतर कामांवर. नांगरावर सर्वस्व पणाला लावले, हे वर्णन रोमहर्षक असले तरी खरे नाही. लहान चालता उद्योग मोठ्या न चालणाऱ्या उद्योगाला जगवत होता.

२०/
काळही बदलत होता. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची लाट देशभर उसळली. महाराष्ट्रात पैसाफंडासारखी चळवळ उभी राहिली. तिच्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. देशात बनलेली वस्तू घेणे हा अभिमानाचा विषय झाला.

पण स्वदेशीच्या भावनेवर शेतकरी एकदा नांगर घेईल. फाळ झिजल्यावर दुसऱ्यांदा येईल तो मात्र फाळाच्या गुणावरच. लाटेने दार उघडले, आत नेले ते मालाने.

२१/
नांगर चालू लागला आणि पायाखालची जमीनच गेली. बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा हवी होती. कारखाना हलवण्याचा आदेश आला.

लक्ष्मणराव चाळिशीत पोचले होते. कारखाना हलवायचा म्हणजे भट्टी, साचे, यंत्रे, कारागीर, सारेच उचलायचे. नवी जागा घ्यायला पैसे नव्हते. इथे उद्योग बंद केला असता तर कोणी दोष दिला नसता. किंबहुना, सन्मानाने माघार घेण्याची इतकी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती.

२२/
मदत आली ती औंध संस्थानातून. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले होते. स्वतः चित्रकार असलेले हे राजे लक्ष्मणरावांचे स्नेही होते. त्यांनी संस्थानच्या हद्दीत हवी ती जागा निवडण्याची मुभा दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

लक्ष्मणरावांनी निवडली ती जागा पाहून अनेकांनी कपाळाला हात लावला असेल. कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकरांचा माळ : निवडुंग, दगड आणि साप. पाणी अपुरे, वस्ती नाही. जमेची बाजू एकच होती. शेजारून रेल्वे जात होती. कच्चे लोखंड आणि कोळसा आणायला, आणि नांगर दूरच्या जिल्ह्यांत पाठवायला, दुसरे काय लागते?

२३/
१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन मानला जातो. सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे त्या माळावर राहायला आली. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था हाती घेतली; शंभुराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू उचलली; मंगेशराव रेग्यांनी हिशेब सांभाळले.

एका वस्तूवर ठाम राहण्याचा हा अनपेक्षित लाभ होता. सतत दिशा बदलणाऱ्या माणसाला नोकर मिळतात, सहकारी मिळत नाहीत. नांगर ठरला, माळ ठरला, तेव्हा इतरांनाही त्या कामात आपले आयुष्य गुंतवता आले.

आता मागे फिरणे शक्य नव्हते. बेळगावात दुकान गुंडाळून दुसरे थाटता आले असते. माळावर वसवलेले गाव गुंडाळता येत नाही.

२४/
१९१४ साली महायुद्ध पेटले. परदेशी मालाची आवक घटली, तसा देशी नांगरांना वाव मिळाला. पण कोळसा आणि लोखंड दोन्ही दुर्मिळ झाले. भट्टीसाठी लाकडी कोळसा वापरून काम चालू ठेवावे लागले. तरीही कारखाना टिकला. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ अशी मर्यादित कंपनी स्थापन झाली.

त्याच वर्षी कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघाले. संपादक होते पुतणे शंकरराव. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी घराघरात पोचले. शंकरराव मूळचे चित्रकार. काकाने रंगांपायी सोडलेली चित्रकला पुतण्याच्या हातून त्याच कारखान्यात परत आली.

२५/
नांगरानंतर इतर वस्तूही आल्या : उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, आणि १९२६ च्या सुमारास पाणी उपसणारे पंप. पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत यंत्रशास्त्र शिकून आले. १९४६ साली पुण्यात तेल-इंजिनांचा कारखाना उभा राहिला.

म्हणजे विविधता परतली. परंतु तरुणपणीची यादी आणि ही यादी यांत मोठा फरक आहे. बटणे, सायकल, पवनचक्की यांना जोडणारे काही नव्हते. नांगर, चरक, पंप, इंजिन यांना एकच गिऱ्हाईक जोडत होते, एकच ओतशाळा जोडत होती. एका खोडाला फुटलेल्या फांद्यांना कोणी चिंध्या म्हणत नाही.

२६/
या कथेचा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. लक्ष्मणरावांच्या पाठीशी रामूअण्णांसारखा भाऊ होता. एका संस्थानिकाचा स्नेह होता. दोन वर्षे नांगर पडून राहिले तरी घर चालवणारे दुसरे यंत्र होते. हे नसते, तर चिकाटी तितकीच असूनही शेवट निराळा झाला असता. इतिहासात अशी किती नावे माळावरच विरून गेली, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

तरीही एक गोष्ट निर्विवाद उरते. त्यांचा निर्णय एका क्षणी, घरात बसून, सर्व पर्याय तोलून झाला नाही. तो हाताने झाला. प्रत्येक सुटलेल्या कामाने पुढच्या कामाची एक अट शिकवली. आणि त्या अटी पूर्ण करणारी वस्तू हाती आली तेव्हा त्यांनी शोध थांबवला.

२७/
धरसोड आणि शोध हे बाहेरून सारखेच दिसतात. फरक एवढाच, की शोधात प्रत्येक सुटलेली वस्तू काहीतरी मागे ठेवून जाते. कलाशाळेने रेषा ठेवली, तंत्रशाळेने यंत्र ठेवले, सायकलींच्या दुकानाने गिऱ्हाईक ओळखायला शिकवले, कडब्याच्या यंत्राने शेतकऱ्याचा उंबरठा दाखवला. लोखंडी नांगरात हे चारही आहेत.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. १९६९ साली जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाचे नाव आता किर्लोस्करवाडी आहे.

२८/
ट्रॅक्टर आल्यापासून बैलांचे लोखंडी नांगर गोठ्यामागे, कुडाला टेकून गंजत पडलेले असतात. इस्लापूरच्या शिवारात, किनवटच्या डोंगरपायथ्याला, उदगीर-अहमदपूरच्या वाड्यांत असा एखादा दिसला तर त्याच्या वक्र पंखावरून एकदा हात फिरवून पाहावा.

एका रंगांधळ्या चित्रकाराने काढलेली ती रेषा आहे. ती शेतकऱ्याने मान्य करीपर्यंत तो तिच्यापाशी थांबला.

(धागा समाप्त)